बारा पावलांची पिवळी रेघ

मसुदा पहिला

विषय : दिनांक अकरा रोजी मद्यप्राशन करून कामावर आल्याबाबत खुलासा.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून, मी खाली सही करणार, क्रेनचालक, शेड क्रमांक दोन, नम्रपणे कबूल करते की

"थां-बा," मी म्हणाले.

सासूबाईंची बोटं टाइपरायटरवर थांबली. चाळीस वर्षं त्यांनी कचेरीच्या फाटकाबाहेर छत्री लावून लोकांचे अर्ज टाइप केले होते. आता ते यंत्र आमच्या जेवणाच्या टेबलावर असतं आणि जेवताना ते उचलून बाजूला ठेवायचं काम माझ्याकडे असतं. म्हणजे असायचं.

"आता काय झालं?"

"क-बूल ना-ही क-रत."

"अगं, ती नुसती सुरुवात आहे. सुरुवात नम्र असली की वाचणारा खुर्चीत मागे टेकतो. मागे टेकलेला माणूस शिक्षा कमी देतो."

"वि-षय ब-दला."

"विषय त्यांचा असतो, सूनबाई. मजकूर तेवढा आपला."

मी कागद ओढायला हात पुढे केला. हात कागदाच्या पुढे गेला, चहाच्या कपापर्यंत. पहिला मसुदा चहात संपला.

(माझं बोलणं तेव्हा असं झालं होतं. प्रत्येक अक्षर सुटं, मध्ये दम घेतल्यासारखं, आणि कुठलं अक्षर जोरात येईल ते मलाही ठाऊक नसायचं. यापुढे ते तसं लिहीत नाही, वाचणाऱ्याला ताप. पण जिथे जिथे मी बोलते तिथे ते तसंच होतं आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर 'हिला चढलीय' हे स्पष्ट दिसत होतं, एवढं धरून चाला.)

मसुद्यात न बसलेलं

टायफॉईड मला सरळ झाला होता. सगळ्यांना होतो तसाच. ताप रोज थोडा थोडा चढत गेला, रक्त तपासलं, नाव सापडलं, दवाखान्यातली खाट, हाताला सलाईन, जिभेवर पांढरा थर. एकोणिसाव्या दिवशी ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, सुटलात. नवरा म्हणाला, सुटलो. सासूबाई म्हणाल्या, आता थोडे केस गळतील, बाकी काही नाही.

केस गळले नाहीत. माझे पाय एकमेकांपासून लांब गेले.

घरात मी पाय फाकवून चालायला लागले, जणू फरशी कुणी होडीत घातलीय. दारातून जाताना खांदा आपटायचा, कधी डावा, कधी उजवा, आणि मी चौकटीला शिव्या घालायचे. पाण्याचा ग्लास उचलला की नीट यायचा आणि ओठापाशी आला की थरथरून सांडायचा. ताकद होती. नवऱ्याचा पंजा मी एकदा दाबून दाखवला तर तो ओरडला. तरी सगळे म्हणायचे, अशक्तपणा. मीही म्हणायचे. फार सोयीचा शब्द आहे, त्यात काहीही मावतं.

रजा संपली. अकरा तारखेला डबा घेतला आणि कामावर गेले.

रेघ

आमच्या शेडमध्ये लोखंडाच्या जाड प्लेटा येतात. त्या उचलून कापायच्या यंत्रावर ठेवायच्या, कापलेल्या उचलून गाडीत ठेवायच्या. क्रेन छताखाली रुळांवर फिरते, तिच्या पोटाला केबिन, केबिनमध्ये मी. अठ्ठावीस पायऱ्यांची शिडी. चौदा वर्षं. खाली माणसं असतात. ती वर बघत नाहीत. डोक्यावरून सहा टन जात असताना कुणी तंबाखू मळत असतो, कुणी मुलीच्या शाळेबद्दल बोलत असतो. वर बघत नाहीत, हाच माझा पगार आहे असं मला नेहमी वाटायचं.

नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या पाळीचा चालक पिऊन चढला. लोड झुलायला लागला तर क्रेन त्याच्यामागे न्यायची असते, म्हणजे झोका मोडतो. त्याने उलट नेली. हूक लावणाऱ्या माणसाचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. तो माणूस आता फाटकावर वॉचमन आहे. चौकशी झाली, अहवाल आला, त्यात लिहिलं होतं की यापुढे दक्षता घ्यावी. दक्षता म्हणजे काय करावं ते लिहिलं नव्हतं.

मग मी घरून पिवळ्या रंगाचा डबा आणला. नवरा रंगारी आहे, डबे पलंगाखालीच असतात. हत्यारांच्या कपाटापासून शिडीपर्यंत मी जमिनीवर रेघ ओढली. बारा पावलं. टाचेला अंगठा लावून चालायचं, हात बाजूला, फोरमनसमोर, प्रत्येक पाळीला. तेव्हा पोरं हसली होती. "बाई, वर काय दोरीवर चालवणार का आम्हाला?" मी म्हणाले होते, "ज्याला रेघ जमली नाही तो प्यालेला. चर्चा नाही."

चर्चा नाही. हे माझंच वाक्य.

फोरमनला सगळे नाना म्हणतात. नानाने एक वही केली. तारीख, चालक, आणि पुढे 'ठीक' किंवा 'प्यालेला'. नऊ वर्षांत 'प्यालेला' तीनदाच लिहिलं गेलं. तिघांचीही नोकरी राहिली, पण त्यांच्या क्रेनखाली माणसं पुढे कितीतरी महिने वर बघत उभी राहायची.

अकरा तारखेला मी रेघेवर उभी राहिले. पहिलं पाऊल पडलं. दुसरं पडलं. तिसऱ्याला डावा पाय मी सांगितलं तिथे न जाता भलतीकडेच गेला, आणि मी कपाटाच्या दाराला धरलं.

"पुन्हा," नाना म्हणाला.

पुन्हा. चौथ्यावर मी नानाच्या अंगावर.

"नाना, अशक्तपणा आहे रे. टायफॉईड झाला होता." हे मी कशा आवाजात म्हणाले असेन ते वर सांगितलंच आहे.

मागून कुणीतरी ओरडलं, "बाईंनी स्वतःची रेघ स्वतःच वाकडी केली रे!"

नानाने माझ्या तोंडाजवळ नाक आणलं. "वास तर येत नाही."

"महागातली असेल, नाना. महागातलीला वास नसतो!"

"तुला काय ठाऊक रे? तू कधी महागातली प्यालास?"

हशा. नाना हसला नाही. त्याने वही उघडली, माझं नाव लिहिलं आणि पुढे तो शब्द लिहिला. मी म्हणाले, मी सही करणार नाही. तो म्हणाला, "नियम तुझाच आहे, बाई. मी काय करू?"

शेडमध्ये दारू तपासायचं यंत्र नाही. रेघ हेच यंत्र. मीच ते आणलेलं.

लेखी खुलासा आणा म्हणून मला घरी पाठवलं. फाटकातून बाहेर पडताना वॉचमनने माझ्याकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं, परत तोंडाकडे. खुर्चीवरून उठला नाही.

"तू पण?" एवढंच म्हणाला.

नाक आणि बोट

दुसऱ्या दिवशी नवरा मला मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. मेंदूच्या डॉक्टरबाई तरुण होत्या, मोठा चष्मा.

"तुमच्या नाकाला बोट लावा. आता माझ्या बोटाला. पुन्हा नाकाला. पुन्हा माझ्या."

मी चष्म्याला लावलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग तळवा मांडीवर पटापट उलटासुलटा करायला लावला. तो भलत्याच तालात पडत होता. मग टाच दुसऱ्या पायाच्या नडगीवरून सरळ खाली. ती घसरून बाहेर. मग डोळ्यांपुढे पेन हलवलं. मग डोक्याचा फोटो. मग टायफॉईडचे जुने कागद, एक एक करून.

"डोक्याच्या मागे, मानेच्या वर, लहान मेंदू असतो," त्या म्हणाल्या. "हालचालीला माप देणारा. टायफॉईडमध्ये फार थोड्या लोकांना तो दुखावतो. कधी तापात, कधी ताप गेल्यावर. दुर्मिळ आहे."

"मला शंभर टक्के झालंय," मी म्हणाले. "माझ्या बाबतीत दुर्मिळ नाही."

"खरं आहे. मी स्वतः दुसऱ्यांदाच पाहतेय."

"पहिल्याचं काय झालं?"

"आता सायकल चालवतो. अडीच महिने लागले. बहुतेक जण पूर्ण बरे होतात."

"बहुतेक."

"बहुतेक," त्या म्हणाल्या आणि नजर चुकवली नाही, म्हणून मला त्या आवडल्या.

"म्हणजे मी प्यालेली नाही, वेडी नाही, अशक्त नाही."

"नाही. तोल आणि माप तेवढं बिघडलंय. बाकी तुम्ही आहात तशाच आहात."

नवरा खुर्चीत पुढे सरकला. "भांडखोरपणा?" त्याने विचारलं.

"तो टायफॉईडच्या आधीचा असावा," डॉक्टरबाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

दाखला मिळाला. शिक्का, सही, तारीख. मी तो रिक्षात मांडीवर असा धरून बसले जसं लोक लग्नाचा फोटो धरतात.

हा कागद मी पाहिलेला नाही

कार्मिक विभागाच्या साहेबांनी दाखला वाचला. दोनदा वाचला. घडी घातली, पाकिटात घातला आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"हा कागद मी पाहिलेला नाही."

"आत्ता तर वाचलात."

"बस जरा. ऐक. मला ठाऊक आहे तू प्यालेली नव्हतीस. चौदा वर्षं बघतोय. म्हणूनच सांगतोय." त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं, त्यात आधीच चिठ्ठी घातलेली होती. "मेंदूच्या विकाराचा दाखला फाईलला लागला की क्रेनचा परवाना रद्द. तात्पुरता, कायमचा, टायफॉईडचा, कसलाही, नियम विचारत नाही. परत द्यायची तरतूदच नाही. कोणी केलीच नाही. आणि दारू? दारूची तरतूद आहे बघ, चांगलं दीड पान. पहिली वेळ, लेखी कबुली, पंधरा दिवस घरी. सोळाव्या दिवशी तू तुझ्या केबिनमध्ये."

"खोटं लिहून."

"एक कागद. कोण वाचतंय?"

मी उठले. उठताना खुर्ची पडली. ती उचलायला गेले तर टेबलावरचा पाण्याचा तांब्या पडला. साहेब म्हणाले, राहू दे, राहू दे. त्यांच्या आवाजात फार माया होती. ती मला तांब्यापेक्षा जड गेली.

मसुदा दुसरा

विषय : वरीलप्रमाणे.

महोदय,
घरगुती अडचणींमुळे मनःस्थिती ठीक नसताना माझ्या हातून प्रथमच व अनवधानाने

"कुठल्या घरगुती अडचणी?" मी विचारलं.

"मी," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यावर घाल. सासूच्या जाचाने सून प्याली, कोणीही विश्वास ठेवील. कचेरीत तर डोळ्यांत पाणी येईल."

"आई, मी सही करणार नाही."

"का नाही करणार? मान कमी होईल? मान किती दिवस पुरतो?" त्यांनी यंत्राचा दांडा खाडकन सरकवला. "ऐक. तुझा सासरा प्यायचा. तीनदा कामावरून काढला आणि तीनदा परत घेतला. तिन्ही कबुल्या मी टाइप केल्या, एकाहून एक सरस. त्याच्या साहेबाने मला निरोप पाठवला होता, वहिनी, काय लिहिता! मग त्याने दारू सोडली. सोडल्यावर दोन वर्षांनी हाताला कंप सुटला. खरा आजार. मी खराखुरा अर्ज केला, डॉक्टरांच्या कागदासकट. एकदाच काढला. परत घेतला नाही. दारू माफ होते, सूनबाई. आजार माफ होत नाही. हे मला अर्ज टाइप करून कळलेलं नाही."

नवरा भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या नखांत निळा रंग होता. "आई बरोबर म्हणते," तो म्हणाला. "पंधरा दिवस. कोणाला कळणारे?"

"फाटकावर बसलाय त्याला."

"त्याला आपण जाऊन सांगू की खरं काय ते."

"आणि खाली उभे असतात त्यांना? एकेकाच्या घरी जाऊ? 'मी कागदावर प्यालेली आहे, तसं नाही हं'? आणि तुम्ही मान हलवाल माझ्याशेजारी उभं राहून?"

सासूबाईंनी दुसरा मसुदा यंत्रातून काढला नाही, पुढे टाइपही केला नाही. अर्धा कागद बाहेर, अर्धा आत, तसाच दोन दिवस टेबलावर राहिला आणि आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो.

पाहुणा

तिसऱ्या दिवशी दुपारी नाना आला. सोबत सफरचंदं, कागदी पिशवीत.

"कशी आहेस?"

"तिसऱ्या पावलाची होते, आता पाचव्या पावलाची आहे."

तो हसला. पिशवी मी हातात घेतली असती तर सफरचंदं सगळ्या घरात फिरली असती, हे त्याला कळलं असावं. त्याने ती स्वतःच टेबलावर, त्या अर्ध्या कागदाशेजारी ठेवली. कागद वाचला.

"छान लिहिलंय. सही कर, बाई. आणि पंधरा दिवसांत नाही झालीस पूर्ण बरी, तरी जिवाला घोर लावून घेऊ नकोस. साहेबांशी बोलणं झालंय माझं. तू आपली रेघेवरून चाल कशीही. मी त्या वेळी वहीची पानं उलटत असेन."

"म्हणजे?"

"म्हणजे मी बघणार नाही."

नाना हे अगदी आपुलकीने म्हणाला. बहिणीला भाऊ म्हणतो तसं. मला आधी ते समजलंच नाही. मग समजलं, आणि डोक्यात जे झालं त्याचा लहान मेंदूशी काही संबंध नव्हता.

"नाना, तू बघणार नाहीस आणि मी वर चढणार."

"हळूहळू घे. मोठे लोड दुसऱ्या पाळीला देऊ."

"माझं बोट स्वतःच्या नाकाला लागत नाही. बघ. बघ इकडे." मी करून दाखवलं. बोट गालावर गेलं, मग डोळ्याजवळ. "या हाताने मी लिव्हर धरू? तुझ्या पोरांच्या डोक्यावर? ती वर बघत नाहीत, नाना! बाई आहे वर म्हणून बघत नाहीत!"

"अगं पण तुझ्या भल्यासाठीच—"

"माझ्या भल्यासाठी तू कोणाचा पाय देणार आहेस? नाव सांग, मी त्याच्या घरी सफरचंदं पाठवते."

नाना उठला. दारात चपला घालताना त्याचा पट्टा लागेना. खाली वाकून तो बराच वेळ त्या पट्ट्याशी झटत राहिला. वर पाहिलं तेव्हा चेहरा लाल होता.

"मी नऊ वर्षं बघितलं," तो म्हणाला. "एकदाही नजर हलवली नाही. तुझ्यासाठी पहिल्यांदा हलवणार होतो."

"म्हणूनच म्हणते, जा."

तो गेला. सासूबाई सगळा वेळ टेबलाशी बसून होत्या. मला वाटलं आता त्या मला बोलतील, घरी आलेल्या माणसाला असं? त्यांनी यंत्राचं बटण दाबलं, दुसरा मसुदा बाहेर ओढला, त्याचे चार तुकडे केले.

"मला वाटलं होतं खोटं कागदावरच राहील," त्या म्हणाल्या. "हे तर शिडी चढायला निघालं."

मग माझ्याकडे न बघता, "लिही तुझं तू. मी कोरे कागद आणते. जास्तच आणते."

मसुदा तिसरा (हस्तलिखित, पाने चार)

पान एक :

मी
प्या

पान दोन :

लेली
नव्ह

पान तीन :

ते. टाय
फॉई

पान चार :

ड.

माझं अक्षर पूर्वी मुंगीसारखं होतं. आता एक अक्षर तळहाताएवढं होत होतं आणि तरी त्याची काठी कागदाबाहेर टेबलावर जात होती. चार पानांना सकाळचा सगळा वेळ गेला. मान दुखली, दात आवळून आवळून जबडा दुखला. टेबलावर निळ्या शाईच्या रेघा अजून आहेत.

सासूबाईंनी वर एकच पान टाइप करून लावलं. विषय मी सांगितला तो :

विषय : वहीतील चुकीची नोंद दुरुस्त करण्याबाबत.

आणि खाली : 'सोबत हस्तलिखित पाने चार व वैद्यकीय दाखला एक. अर्जदार आज क्रेन चालवण्यास असमर्थ आहे व तसे तिनेच सांगितले आहे.' 'नम्रपणे' कुठे नव्हतं. मी बोट दाखवलं, म्हणजे त्या दिशेने काहीतरी दाखवलं.

"कंटाळा आला त्या शब्दाचा," त्या म्हणाल्या.

तीन खुर्च्या

चौकशीच्या खोलीत लांब टेबल, पलीकडे तीन खुर्च्या. मध्ये अध्यक्ष, डावीकडे कार्मिक साहेब, उजवीकडे एक गृहस्थ जे शेवटपर्यंत पेनाचं टोपण उघडत-लावत बसले. अलीकडे मी. नवऱ्याला बाहेर बसवलं होतं.

अध्यक्षांनी चार पानं उलटसुलट धरून पाहिली. "हे काय आहे?"

"खुलासा."

"लहान मुलाने लिहिलाय का?"

"मी."

"टाइप करून द्यायचा असतो."

"घरात टाइपरायटर आहे. पण टाइप केलं की माझा हात स्थिर आहे असं वाटतं. तो स्थिर नाही, हेच सांगायचंय."

कार्मिक साहेब कपाळाला हात लावून बसले होते. अध्यक्षांनी दाखला वाचला आणि त्यांच्याकडे पाहिलं. "हा तुम्ही पाहिला होता?"

साहेब काही म्हणायच्या आत मी म्हणाले, "त्यांनी मला परत दिला होता. चांगल्या मनाने. आता मी तुम्हाला देते."

"बाई, तुम्हाला कळतंय ना? हा आम्ही ठेवून घेतला तर परवाना जातो. कबुली दिलीत तर पंधरा दिवस. अजून वेळ आहे."

"मला कळतंय. मी आज वर जाऊ नये हे तुमचा नियम म्हणतो, ते बरोबर आहे. तुमच्या आधी मीच म्हणाले. पण मी तीन महिन्यांनी कशी असेन ते नियमाला काय ठाऊक? माझ्या डॉक्टरला ठाऊक नाही. दर महिन्याला तपासा. बरी झाले तर केबिन माझी. नाही झाले तर नाही."

"तशी तरतूद नाही."

"दारूची आहे. दीड पान."

टोपणवाले गृहस्थ थांबले.

"आणि वहीतला तो शब्द खोडा," मी म्हणाले. "तो माझ्यामुळेच तिथे आहे. ज्याला रेघ जमत नाही तो प्यालेला, हे मी म्हणाले होते. चर्चा नाही, असंही म्हणाले होते. चूक होती. रेघ सांगते, आज वर जाऊ नकोस. का ते रेघेला कळत नाही, ते विचारावं लागतं. मला कोणी विचारलं नाही. नऊ वर्षांत त्या तिघांनाही विचारलं नव्हतं. मीही नव्हतं विचारलं. ते तिघे प्यालेलेच होते का, हे मला आज सांगता येणार नाही. तुम्हाला येईल?"

हे सगळं बोलायला मला खूप वेळ लागला. प्रत्येक अक्षर वेगळं, काही ओरडल्यासारखी, काही तोंडातच. मध्ये एकदा अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्यांनी परत घड्याळ पाहिलं नाही.

"समजा, आम्ही नाही खोडला?"

"तर मी उद्या येईन. परवा येईन. पाय असेच आहेत, थोडा उशीर होईल एवढंच."

निर्णय

आठ दिवसांनी कागद आला. सासूबाईंनी तो उभ्यानेच वाचला, ओठ हलवत, जसा दुसऱ्याने टाइप केलेला मजकूर त्या नेहमी वाचतात, चुका शोधत.

मद्यप्राशनाचा आरोप मागे. वहीतील नोंद दुरुस्त. क्रेनचा परवाना रद्द. अर्जदारास भांडारात काम. मासिक तपासणीची विनंती 'विचाराधीन'.

"विचाराधीन म्हणजे कपाटात," त्या म्हणाल्या. "हे वाक्य मी स्वतः हजारदा टाइप केलंय." त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि यंत्राचं झाकण काढलं. "कपाटातून बाहेर कसं काढायचं तेही ठाऊक आहे. दर महिन्याच्या एक तारखेला एक अर्ज. त्यांच्या कपाटात जागा राहू द्यायची नाही. विषय बोल."

नवरा म्हणाला, "केबिन गेली की गं."

"गेली," मी म्हणाले. रडले. रडताना तोल लागत नाही हे एक बरं असतं. मग विषय सांगितला.

भांडार

भांडाराच्या खिडकीतून मी हातमोजे देते, तेल देते, पुसायची फडकी देते. पहिल्या आठवड्यात निम्मी जमिनीवर दिली. पोरं उचलून घेतात. एक म्हणाला, "बाई, वरून सहा टन अलगद ठेवायचात, आता मोजा फेकून मारता." मी म्हणाले, "तोंडावर नेम होता, बरा नाही झाला अजून हात."

वॉचमन फाटकात मला हात धरून आत आणायला बघतो. मी धरू देत नाही. तो त्याच्या चालीने आणि मी माझ्या, असे आम्ही दोघं शेडपर्यंत येतो, आणि त्या रस्त्यावर सर्वांत सरळ चालतो तो फाटकावरचा कुत्रा.

आणि पाळी सुरू व्हायच्या आधी मी रेघेवर उभी राहते.

पहिल्या दिवशी नाना म्हणाला, "तुला चालायचं कारण नाही आता. तू चालक नाहीस."

"कारण आहे."

"वहीत तुझं नाव लिहिता येणार नाही."

"मग दुसरी वही आण."

पोरं हसली. पाचव्या पावलावर मी पडले, ती आणखी हसली. दुसऱ्या दिवशी थोडी कमी. आता कोणी बघतं, कोणी आपलं आपलं आवरत असतं. एकाने परवा विचारलं, "बाई, मला सकाळी उठलं की चक्कर येते. रेघेवर चालताना नाही येत, वर गेल्यावर परत येते. हे कोणाला सांगायचं?" तो तिसऱ्या पाळीचा चालक. नाना शेजारीच होता. नानाने त्याच्याकडे पाहिलं, रागाने वगैरे नाही, आणि खिशातून पेन काढलं. "कधीपासून?" त्याने विचारलं.

डॉक्टरबाई म्हणतात, सुधारणा आहे, वेग सांगता येत नाही. सासूबाईंचा तिसरा अर्ज गेला आहे. साहेब मला दिसले की वाट बदलतात, मग परत त्याच वाटेने येतात आणि विचारतात, कशी आहेस.

आज मी नवव्या पावलापर्यंत गेले. नववं पडलं, दहावं हवेतच राहिलं आणि मी गुडघ्यावर आले. नानाने हात पुढे केला नाही. त्याला कळलंय.

"नऊ," तो म्हणाला.

"बघितलंस ना नीट?"

"बघतोय."

मी उठले आणि कपाटाशी परत गेले, पहिल्या पावलापासून. वर माझ्या केबिनमध्ये नवा चालक बसला होता. पाळीची वेळ झाली होती, प्लेटा यायच्या होत्या. त्याने खाली पाहिलं, भोंगा वाजवला. परत वाजवला.

"बाई, सरका!" कुणीतरी ओरडलं. "तो थांबलाय!"

"थांबू दे," मी म्हणाले, आणि टाचेला अंगठा लावला.